दिवे घाटापलीकडचा वाटाणा

हडपसरहून सासवडच्या गाडीत बसले की थोड्याच वेळात दिवे घाट लागतो. चढताना खाली मस्तानी तलाव दिसतो आणि माथ्यावर आले की पुण्याचा उकाडा मागे राहतो. पुरंदर तालुक्याची ही थंड हवा वाटाण्याला मानवते. इतरत्र वाटाणा हिवाळ्यात येतो; इथे ऐन पावसाळ्यात शेंगा लागलेल्या असतात.

आमच्या आक्काची सासवडजवळ वीस गुंठे मुरमाड जमीन आहे. गेल्या वर्षी तिथे आम्ही आमची अक्कल पाजळली. आम्ही पडलो बी. कॉम., दिवसभर हिशेबाच्या वह्यांत डोके घालणारे कारकून. दाजी अर्केल वाणाचे 12-13 किलो बियाणे आणणार होते. आम्ही म्हणालो, "दाजी, दुप्पट बी टाका, दुप्पट शेंगा येतील." दाजींनी शिकलेल्या मेव्हण्याचा मान राखला. आक्काने बचत गटातून कर्ज उचलले.

महिन्याभरात रान असे हिरवेगार झाले की आम्हाला आमचेच कौतुक वाटू लागले. पण आत हात घातला तर रोपे एकमेकांत गुंतलेली, खालची पाने पिवळी, वारा शिरायला जागा नाही. फुलोऱ्यात पानांवर पीठ शिंपडल्यासारखी भुरी आली आणि शेंगांवर चढली. गंधक फवारले, पण त्या गचपणात ते खालच्या पानांपर्यंत पोचेना. डागाळलेल्या शेंगांना बाजारात भाव कोण देणार? कर्जाचे हप्ते आक्काने दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊन फेडले.

यंदा आम्ही गप्प बसलो. जूनअखेरीस दाजींनी दोरी लावून पेरणी केली. दोन ओळींत 30 सेंटिमीटर आणि दोन दाण्यांत 10 सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्धी वीत अंतर. बी दीड-दोन इंच खोल. जिथे दोन रोपे जवळ उगवली तिथे आक्काने एक काढून टाकले. ते काढताना जीव हळहळतो, पण काढावेच लागते.

श्रावणात गेलो तेव्हा ओळींमधून पाय टाकून चालता येत होते. दाजींनी एक रोप उपटून मुळांवरच्या गाठी दाखवल्या. एक गाठ नखाने फोडली, आत गुलाबी रंग. म्हणाले, "गुलाबी आहे म्हणजे गाठ कामाला लागलीय. हवेतला नत्र तीच मुळांना देते. युरिया जास्त टाकला तर नुसता पाला माजतो." भुरी यंदाही एका कोपऱ्यात दिसली होती. 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक घालून ऊन उतरल्यावर फवारले. कडक उन्हात फवारले तर पाने भाजतात. या वेळी औषध बुडख्यापर्यंत पोचले.

चाळीत राहणाऱ्या आमच्या भगिनींनाही हे जमण्यासारखे आहे. फूटभर रुंदीच्या पत्र्याच्या डब्याला तळाशी भोके पाडून थंडीच्या सुरुवातीला पाच-सहाच दाणे टोचावेत. मूठभर टोचू नयेत, आमचे ऐकून तर मुळीच नाही.

निघताना आक्काने पिशवीत चार किलो शेंगा घातल्या. आम्ही नको म्हणालो तर म्हणाली, "ने रे. शेवटचा हप्ता परवाच दिला."