पुसलेला फोटो

माझा कॅमेरा साबणाच्या वडीएवढा आहे. छायाचित्रणाची ऐट असणारी माणसे गळ्यात पट्टा अडकवून हिंडतात. मी मात्र तो सदऱ्याच्या खिशात, खडूच्या तुकड्यांशेजारी ठेवून हिंडलो. २०१० साली दुकानदाराने तो सर्वांत खालच्या फळीवरून काढून दिला. कॅनन पॉवरशॉट ए४९०. दोन पेन्सिल सेल घातले की चालू. सेल संपले तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळत, ही गोष्ट मला त्याच्या इतर सर्व गुणांपेक्षा मोठी वाटली.

या स्वस्त वस्तूची वंशावळ मात्र थोर आहे. प्रकाशाचे विजेत रूपांतर करून तो टिपणारी सीसीडी चकती बॉइल आणि स्मिथ या दोघांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत कल्पिली, आणि त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे एक चित्र दहा हजार ठिपक्यांचे असे, आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत. माझ्या खिशातला गरीब कॅमेरा करंगळीच्या नखाहून लहान चकतीवर एक कोटी ठिपके क्षणात गोळा करी!

पण त्याने मला खरी भूल घातली ती त्याच्या पाठीवरच्या एका बटणाने. त्यावर कचऱ्याच्या डब्याचे चित्र होते. फोटो काढावा, पडद्यावर पाहावा, आवडला नाही तर पुसावा. छत्तीस फोटोंच्या रोळाच्या काळात ही चैन नव्हती. रोळ धुऊन आला की वाईट फोटोंचेही पैसे पडत, आणि पैसे पडलेली वस्तू आमच्या घरात कोणी टाकीत नसे. म्हणून जुन्या अल्बमात माझी मावशी डोळे मिटून उभी आहे, आणि एका मुंजीत भटजींचे डोकेच नाही. त्या अल्बमाला मी हसत असे. माझ्या संग्रहात असले काही नव्हते. बारा तेरा वर्षे वह्या तपासलेल्या माणसाच्या हाती खोडरबर आले होते. मग काय विचारता!

२०१२ च्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, अण्णा ओसरीवर बसले होते. माझ्या चार वर्षांच्या मुलीने त्यांची टोपी ओढून स्वतःच्या डोक्यावर घातली. ती तिच्या नाकापर्यंत आली. अण्णा हसले. दात नसलेले तोंड उघडून, डोळे गच्च मिटून, अंग हलवून हसले. मी बटण दाबले. पडद्यावर पाहिले तर डोळे मिटलेले, हात हलल्यामुळे पुसट.

“अण्णा, टोपी घाला आणि जरा सरळ बसा,” मी म्हणालो.

अण्णांनी टोपी घातली, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि शिधापत्रिकेला फोटो द्यावा तसे बसले. हा फोटो उत्तम आला. पहिला मी पुसला.

२०१६ साली अण्णा गेले. भिंतीवर तोच उत्तम फोटो लागला. त्याला चंदनाचा हार घालताना दरवेळी वाटे, हे गृहस्थ कोण? अण्णा इतके गप्प कधी बसले नव्हते. सगळे कार्ड धुंडाळले. प्रत्येक फोटोत ते टोपी घालून, ओठ मिटून, माझी आज्ञा पाळीत होते. वाईट म्हणून जे जे मी पुसले होते, ते अण्णा होते.

मी कादंबऱ्या हाताने लिहितो. खोडलेली ओळ रेघेखालून वाचता येते, आणि कित्येकदा तीच बरी होती असे वर्षाने कळते. पण या बटणाने रेघ मागे ठेवलेली नव्हती.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाला हे सहज बोललो. तो म्हणाला, “सर, पुसलं म्हणजे लगेच जात नाही. कार्ड फक्त लिहून ठेवतं, की ही जागा आता मोकळी आहे. तिथं दुसरं काही बसेपर्यंत पहिलं तसंच राहतं.” माझ्या हाती मोबाइल आल्यापासून कॅमेरा बहुतेक कपाटातच होता. आळसाचा असा उपयोग व्हावा, हे विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे नाही.

त्याने संगणकाला कार्ड लावले. तासाभराने फोटो आला. म्हणजे अर्धा आला. खालच्या अर्ध्यावर नंतरच्या कुठल्यातरी फोटोने ठाण मांडले होते. तिथे नुसता राखी रंग. वर ओसरीचे आढे, आकाशकंदिलाची झिरमिळी, टोपीत बुडालेली मुलगी, आणि अण्णांचे उघडे डोके. त्याखाली मिटलेले डोळे, कडेला सुरकुत्यांचे जाळे. तिथे चित्र संपले. हसू राखेत गेले होते. पण ते डोळे पाहून कोणीही सांगेल की हा माणूस हसतो आहे.

मी त्याची प्रत काढून आईला दिली. तिने ती उजेडात धरली, चष्मा वर सारला.

“खाली काही आलं नाही,” मी ओशाळून म्हणालो.

“नाही कसं? त्यांच्या मांडीत खलबत्ता आहे,” आई म्हणाली. “पाडव्याचं पान कुटत होते.”

मला खलबत्ता मुळीच आठवत नव्हता. आईने त्या राखी जागेवरून हळूच पदर फिरवला, आणि फोटो पोथीत ठेवला.