हात सगळ्यांचे, निर्णय आपला

वरळी, मुंबई
१२ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईस,


परवा फोनवर तू विचारलंस, "आमच्या घराची चावी मिळेल तेव्हा मिळेल, पण या वयात एवढं सामान आवरायचं कोणी आणि कसं?" आवाजात काळजी होती, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुमच्या नायगावच्या चाळींच्या जागी होणाऱ्या नव्या इमारतीही आता वर चढल्या आहेत. तुमची पाळी येण्याआधी हे पत्र भाऊजींनाही वाचायला दे.

इथल्या चाळींच्या पुनर्विकासात आमच्या टप्प्यातल्या ५५६ घरांच्या चाव्या १४ ऑगस्टला दिल्या गेल्या. २७ ऑगस्टला गणपती. विसर्जन झालं की लगेच पितृपक्ष, त्यात नव्या घरात पाऊल कोण ठेवणार? गणपती नव्या घरात बसवायचा हे जवळजवळ सगळ्यांनीच ठरवलेलं. त्यामुळे त्या मधल्या दिवसांत जांबोरी मैदानाच्या बाजूचे रस्ते टेंपोंनी भरून गेले होते. आम्ही दोघंही सत्तरीच्या आसपास, आणि हे आमचं दुसऱ्यांदा घर हलवणं. आधी चाळीतली खोली सोडून संक्रमण गाळ्यात गेलो, आता तिथून टॉवरमध्ये आलो. पहिल्या वेळी जे शिकलो ते दुसऱ्या वेळी उपयोगी पडलं.

लोकांना वाटतं, १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत जायचं म्हणजे काय अवघड आहे, आहे ते उचलायचं आणि न्यायचं. पण तुला ठाऊक आहे, आपल्या खोल्यांत एकही वस्तू उगाच नसते. कॉटखाली ट्रंका, ट्रंकांवर गाद्या, दाराच्या वर फळी, फळीवर डबे, आणि या सगळ्याच्या डोक्यावर पोटमाळा. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींत तीन-तीन पिढ्या अशाच राहिल्या. इतक्या कमी जागेत जी वस्तू टिकली, तिच्यामागे कोणाचा तरी हट्ट किंवा कोणाची तरी आठवण असतेच. बाहेरून आलेल्या माणसाला ते दिसत नाही. त्याला फक्त पसारा दिसतो.

म्हणून मला तुला एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मदतीला हात सगळ्यांचे घे, अगदी मोकळ्या मनाने घे. पण काय ठेवायचं, काय द्यायचं, कुठे काय मांडायचं, हे ठरवायचं तुम्ही दोघांनीच. मुलं प्रेमाने म्हणतील, "तुम्ही नुसते बसा, आम्ही बघतो सगळं." त्यांना सामान बघू दे. निर्णय त्यांच्या हाती सोपवू नकोस. आणि भाऊजींनाही सांग, "मला काय कळतंय, तुम्हीच ठरवा" असं म्हणून बाजूला व्हायचं नाही. म्हाताऱ्या माणसाचं घर दुसऱ्याने लावलं की ते घर त्याला परकं वाटतं. मग तो स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखा डबे शोधत फिरतो.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगते. आमचं पाण्याचं निळं पिंप तुला आठवत असेल. पहाटे पाणी आलं की हे उठून ते भरायचे, कितीतरी वर्षांचा नेम. भाचे म्हणाले, "मामा, हे भंगारात देऊन टाकू, नव्या घरात त्याचं काय काम?" यांचा चेहरा उतरला. मुलाने ते बघितलं आणि एक शब्द न बोलता पिंप धुऊन पुसून टेंपोत चढवलं. नव्या घरात ते बाल्कनीत ठेवलं. पहिले काही दिवस हे पहाटे उठून ते भरत राहिले. नंतर भरणं आपोआप थांबलं. दसऱ्याच्या आधी यांनी स्वतःहून खालच्या माळीबुवांना बोलावून ते देऊन टाकलं, आणि दोन कुंड्यांची चौकशीही केली. भाच्यांनी ते त्या दिवशी ओढून नेलं असतं तर यांच्या मनात ते कायम राहिलं असतं.

सुनेचंही सांगायला हवं. आईचा पाटा-वरवंटा मी नेणार म्हटल्यावर ती मला "हा ठेवायचाच का?" असं विचारू शकली असती. घरात मिक्सर आहे, पाट्याचं वजन तर दोघांना पेलायचं नाही. पण तिने विचारलं, "आई, हा कुठे ठेवू म्हणजे तुम्हाला वाकावं लागणार नाही?" ताई, मदतीला येणाऱ्या प्रत्येकाने हे तिच्याकडून शिकावं. तिने निर्णय माझा मानला आणि त्यातली अडचण तेवढी आपल्या अंगावर घेतली. पाटा आता ओट्याच्या कोपऱ्यावर आहे. गौरीच्या पुरणाचं वाटण मी उभ्याने त्याच्यावरच केलं.

आता प्रत्यक्ष कामाचं. आवराआवर शेवटच्या आठवड्यावर टाकू नकोस. आत्तापासून रोज थोडं काढ, एक ट्रंक किंवा एक फळी, त्याहून जास्त नाही. सोबत न्यायचं, कोणाला द्यायचं, आणि अजून ठरलं नाही, असे तीन ढीग कर. तिसरा ढीग मोठा झाला तरी घाबरू नकोस, तो बांधून बरोबर ने. फोटो बघायला त्या वेळी बसू नकोस, त्यात दुपार जाते आणि मन जड होतं. ते एका पिशवीत घालून बाजूला ठेव, नंतर नातवंडांबरोबर बघायला होतील. ज्याला जी वस्तू द्यायची ती हयातीत, आपल्या हाताने दे. मी तांब्याचा बंब धाकट्या वन्संना दिला, तेव्हा त्यांना झालेला आनंद मला डोळ्यांनी बघता आला.

कागदपत्रांची पिशवी टेंपोत चढता कामा नये. पात्रतेचं पत्र, जुन्या खोलीच्या भाडेपावत्या, रेशन कार्ड, ताबापत्र, बँकेची पुस्तकं, हे सगळं तुझ्या खांद्याला. दुसरी पिशवी औषधांची. बी.पी.च्या, शुगरच्या गोळ्या, चष्मे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आणि दोघांचा एकेक कपडा. नवं घर लावताना पहिला दिवस कधी संपतो कळत नाही, आणि गोळी चुकली तर त्याची भरपाई नाही.

माणसांना कामं वाटून दे, नावानिशी. दहा जण आले आणि दहाही जण कपाटाभोवती उभे राहिले तर काम होत नाही. आमच्याकडे उचलायला मंडळाची पोरं होती. दहीहंडीचे थर लावणारी ती, एकमेकांना सांभाळून वजन कसं घ्यायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. वीज-पंखे मुलाने बघितले. माझ्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंनी फक्त स्वयंपाकघर लावलं, माझ्या सांगण्याप्रमाणे, डबा न् डबा. एका भाच्याकडे पत्ते बदलायचं काम दिलं: आधार, बँक, गॅस, मतदार यादीसाठीचा आठ नंबरचा अर्ज. नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचा असतो, त्याच्या आधी बँकेतला पत्ता नि फोन नंबर नीट असलेला बरा.

सामान हलवायच्या दिवशी तुम्ही दोघांनी काही उचलायचं नाही. एक खुर्ची नव्या घराच्या दारात, एक जुन्या. भाऊजी जुन्या घराशी, तू नव्या. काय निघालं ते त्यांनी बघायचं, काय कुठे जायचं ते तू सांगायचं. नव्या घरात आधी देव आणि दूध. कलश ठेव, दूध उतू जाऊ दे, मग बाकीचं. त्यानंतर लगेच पलंग लावून अंथरूण घालायला सांग. बाकी खोकी तशीच राहिली तरी चालतील, पण संध्याकाळी पाठ टेकायला जागा हवी.

रात्रीचं विशेष लक्षात ठेव. इतकी वर्षं आपण सामाईक संडासाकडे पॅसेजमधून चालत गेलो, पायांना ती वाट पाठ. नव्या घरात संडास खोलीला लागून आहे, पण झोपेतून उठलेल्या माणसाला दार कुठल्या बाजूला हे पटकन उमगत नाही. फरश्या गुळगुळीत, ओल्या असल्या तर पाय सरकतो. आम्ही येण्याआधीच मुलाने न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या आणि पलंगापासून दारापर्यंत रात्रभर जळणारे छोटे दिवे लावले. या वयात पडणं परवडत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं नंतरचं. घर लागलं, जेवणं झाली, सगळे आपापल्या गाडीला गेले, की खरी परीक्षा सुरू होते. चाळीत दारं उघडी असायची, पॅसेजमधून जाणारा प्रत्येक जण आत डोकावून जायचा. इथे दार बंद. घरं सोडतीने मिळाली, त्यामुळे भिंतीला भिंत लावून राहिलेल्या शेजारीण वहिनी आता कितीतरी मजले वर आहेत. चाळीस मजल्यांच्या इमारतीत माणूस भेटायला लिफ्टची वाट बघावी लागते. म्हणून मी मुलांना सांगितलं, "त्या दिवशी सगळे येऊ नका. काही जण नंतर या." त्यांनी ऐकलं. दर रविवारी कोणी ना कोणी येत राहिलं, एखादं खोकं उघडून दिलं, एखादा खिळा ठोकला, जेवून गेलं. आम्ही जुन्या मजल्यावरच्या बायकांनी संध्याकाळी पाचला खाली भेटायचं ठरवलं आहे. एखादी आली नाही की दुसरी वर जाऊन बेल वाजवते. हे आपोआप होत नाही, ठरवावं लागतं.

मदत मागायला संकोच करू नकोस. आपल्या मजल्यावरच्या लग्नांत पॅसेजभर बसून आपण पुऱ्या लाटल्या, कोणाच्या आजारपणात रात्री जागलो. त्याच घरांतली ही मुलं. त्यांना बोलावलं तर त्यांना बरंच वाटतं.

तेव्हा आता एवढंच कर. येत्या रविवारी भाऊजींबरोबर बसून पोटमाळ्यावरची पहिली ट्रंक खाली उतरव, म्हणजे नातवाला उतरवायला सांग, आणि उघडून दोघं मिळून ठरवा. घर मिळायच्या आधी मला कळव. मी उचलायला नव्हे, तुझ्याबरोबर नंतरचे आठ दिवस राहायला येईन.

भाऊजींना सा. न. मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण