दारामागचं टेबल

आमच्या घरात जवळजवळ सगळंच घडी होतं. नांदेडला देगलूर नाक्याच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. बाहेरची खोली दहा बाय बारा फुटांची. फजरच्या वेळी तिथे जानमाज अंथरलेली असते. ती उचलली की चहा आणि नाश्त्यासाठी दस्तरखान पसरतो. दुपारी कुणी मेहमान आले तर सतरंजी. इशानंतर गाद्या आणि रजया. एकाच जमिनीवर दिवसातून चार-पाच घरं मांडली जातात आणि उचलली जातात. मराठवाड्यातल्या बहुतेक वाचकांच्या घरी असंच असेल, म्हणून त्यात सांगण्यासारखं वेगळं काही नाही.

घडी न होणारी वस्तू एकच होती, शिलाईची मशीन. आमच्यापैकी एक जण दुकानात हिशेब लिहितो आणि एक जण घरी ब्लाउज, सलवार-कमीज, मुलींचे फ्रॉक शिवते. पायाने चालवायच्या त्या जुन्या मशीनचं डोकं खाली पेटीत उतरवता येतं आणि वर फळी बसवली की सपाट जागा तयार होते. घरात लिहायला योग्य अशी तेवढीच जागा होती. मुलगी दहावीत गेल्यापासून त्या फळीवर दोघींचा हक्क होता. आईची मशीन उघडी असेल तर मुलीची वही बंद, आणि मुलीची वही उघडी असेल तर मशीन बंद.

वर्षभर हे कसंबसं निभावलं. पण हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान असतं, म्हणून रमजान दर वर्षी थोडा अलीकडे सरकतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो. बोर्डाच्या परीक्षाही त्याच दिवसांत. ईदच्या आधीचा महिना म्हणजे शिवणकामाचा सगळ्यात मोठा हंगाम. त्या एका महिन्याच्या शिलाईवर आमच्या घरची फी आणि किराण्याची उधारी भागते. मुलगी गणिताची वही घेऊन उभी राहायची आणि विचारायची, "अम्मी, और कितनी देर?" त्या प्रश्नाला खरं उत्तर नव्हतं. कमाई थांबवली तर फीचं काय, आणि अभ्यास थांबवला तर ती फी कशासाठी?

मुलगी मग गादीवर पालथी पडून लिहायची. अर्ध्या तासात मान आणि पाठ दुखायची, नाहीतर डोळा लागायचा. तेव्हा टेबल घ्यायचं ठरलं. पण टेबल ठेवायचं कुठे? चार पायांचं साधं टेबल आणलं असतं तर नमाजची एक सफ कमी झाली असती आणि रात्री एका माणसाची गादी.

बाजारात दोन प्रकारची घडीची टेबलं दिसली. एक लोखंडी पायांचं चार फुटी, मंडपवाल्यांकडे असतं तसं. ते दुमडतं खरं, पण दुमडल्यावरही चार फुटांची फळी कुठेतरी उभी करावीच लागते, आणि ती उचलायला दोन माणसं लागतात. दुसरं मांडीवर किंवा गादीवर ठेवायचं हलकं टेबल. ते छान दुमडतं, पण दाबून लिहिलं की डोलतं. डोलणाऱ्या टेबलावर तीन तासांचा पेपर सोडवण्याचा सराव होत नाही.

मग आम्ही कागदावर चार अटी लिहिल्या. एक, दहा वर्षांच्या मुलाला एकट्याला ते उघडता आणि मिटता आलं पाहिजे, कुणाला हाक मारावी लागता कामा नये. दोन, मिटल्यावर ते बाहेरच्या खोलीच्या दारामागे राहिलं पाहिजे. दार पूर्ण उघडलं तरी मागे तीन इंचांची फट उरते, ती आम्ही मोजली. तीन, लिहिताना ते हलू नये. चार, एसटीत एका हाताने नेता यावं, कारण दहावीनंतर मुलीला लातूरला पाठवायचा विचार तेव्हाच घरात सुरू झाला होता.

हा कागद घेऊन आम्ही इतवाऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कागद वाचला आणि पहिला प्रश्न केला, "भाभी, बच्ची कुर्सी पे बैठेगी या नीचे?" आमच्या घरात खुर्ची एकच, तीही आलेल्या माणसासाठी. मुलगी जमिनीवरच बसणार होती. मिस्त्रीचाचा म्हणाले, मग अर्धं काम झालं.

त्याचं कारण त्यांनी फळीवर खडूने काढून दाखवलं. घडीच्या टेबलाचं सगळं गणित पायांच्या लांबीत आहे. खुर्चीजवळचं टेबल साधारण 29-30 इंच उंच असतं. फळी चार फुटी, म्हणजे 48 इंच धरली, तरी दोन्ही बाजूंचे पाय आत दुमडले की ते एकमेकांवर चढतात, कारण 29 आणि 29 मिळून 58 होतात. मग एका बाजूची बिजागरी ठोकळा लावून खाली घ्यावी लागते, म्हणजे एक जोडी दुसरीच्या वरून जाते. टेबल मिटतं, पण जाड होतं. जमिनीवर बसणाऱ्याला मात्र 11 इंचांची उंची पुरते. दोन्हीकडचे पाय मिळून 22 इंच. फळी 30 इंच लांब ठेवली की दोन्ही जोड्या शेजारी शेजारी सपाट बसतात आणि मध्ये जागाही उरते. शेवटी मिस्त्रीचाचांनी सूत्र सांगितलं: पाय फळीच्या निम्म्याहून आखूड असेल तर घडी पातळ, लांब असेल तर घडी जाड.

उंचीचं मापही त्यांनी अंदाजाने घेतलं नाही. मुलीला मांडी घालून बसवलं, कोपर काटकोनात वाकवायला सांगितलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत पट्टी लावली. गुडघे फळीला लागत नाहीत ना आणि दोन्ही पायांच्या मधोमध मांडी मावते ना, तेही पाहिलं. वाचकांपैकी कुणी असं टेबल करून घेणार असेल तर माप मुलाचं घ्या, बाजाराचं नको. मूल वाढतं आहे हे लक्षात घेऊन एखादा इंच जास्त ठेवला तरी चालतो, तोवर खाली चादरीची घडी घालून बसता येतं.

टेबल हलू नये यासाठी काय केलं, ते समजायला आम्हाला आमच्या घरातल्याच एका वस्तूची मदत झाली. ती वस्तू म्हणजे रेहल. कुरआन शरीफ ठेवायची रेहल आपण रोज उघडतो आणि मिटतो, पण ती कशी बनते याकडे लक्ष जात नाही. जुन्या पद्धतीची रेहल एकाच फळीतून कोरतात. फळी जाडीतून दोन पातळ भागांत चिरत आणतात आणि मध्ये एकात एक अडकलेले दात कोरतात. खिळा नाही, बिजागरी नाही. उघडली की ते दातच तिला ठरावीक कोनावर थांबवतात. वर वजन आलं की ती आणखी घट्ट बसते. मिटली की पुन्हा एक फळी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात हिजरी 761, म्हणजे इसवी सन 1360 ची, नक्षीकाम केलेली लाकडी रेहल आहे. तिच्यावर कारागिराने आपलं नावही कोरलं आहे: हसन बिन सुलेमान इस्फहानी. साडेसहाशे वर्षांपूर्वीची ती रचना आज आपल्या ताकातल्या रेहलमध्ये तशीच आहे.

वजनाने सैल न होता घट्ट व्हायचं, हीच गोष्ट मिस्त्रीचाचांनी टेबलात आणली. फळी 12 मिलिमीटर प्लायवुडची, 30 बाय 18 इंच. खाली दोन्ही टोकांना दीड इंचाची सागवानी पट्टी. पाय सुटे नाहीत. दोन पाय वर आणि खाली आडव्या पट्टीने जोडून त्यांची चौकट केली, म्हणजे ते आपापसात हलत नाहीत. चौकट बिजागरीवर आतल्या बाजूला दुमडते. उघडली की ती काटकोनाच्या किंचित पुढे जाते आणि टोकाच्या पट्टीला टेकते. त्यासाठी पट्टीचा आतला काठ रंध्याने थोडा तिरका केला होता. पाय असे जरा बाहेर झुकलेले असले की वरून हाताचा भार पडल्यावर ते पट्टीवर आणखी दाबले जातात. टेबल उचलताना पाय आपोआप मिटू नयेत म्हणून प्रत्येक चौकटीला लाकडी फिरकी लावली, जुन्या खिडक्यांना असते तशी. मिटल्यावर टेबलाची जाडी दोन इंच, वजन साधारण चार किलो. तीन इंचांच्या फटीत ते आरामात उभं राहतं.

खोली एक आणि कामं अनेक, ही अडचण फक्त आपली नाही. जपानमध्ये चटईच्या खोल्यांत पूर्वी घरातलं प्रत्येक माणूस आपापल्या छोट्या चौरंगासारख्या ताटलीवर जेवायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दुमडत्या पायांचं बुटकं टेबल घरोघर पसरलं. त्याला ते चाबुदाई म्हणतात. त्यावर सगळे मिळून जेवायचे, मुलं अभ्यास करायची, आणि रात्री ते भिंतीला टेकवून त्याच जागेवर गाद्या घालायच्या. आमची मुलगी हे वाचून म्हणाली, "हे तर आपलंच घर आहे."

दादींना मात्र टेबलाची धास्ती होती. आज पुस्तकं ठेवता, उद्या ताटं ठेवाल, आणि एका दस्तरखानावर बसून खाण्यातली बरकत जाईल, असं त्यांचं म्हणणं. ते काळजीपोटी होतं आणि खोटंही नव्हतं. टेबल एकाचं असतं, दस्तरखान सगळ्यांचा. म्हणून त्यांनीच नियम घातला की मगरिबची अजान झाली की टेबल दारामागे जाईल आणि जेवण होईपर्यंत बाहेर येणार नाही. हा नियम आजही चालू आहे. मुलीला त्यामुळे दिवसातून एकदा सक्तीची विश्रांती मिळाली. आणि ईदच्या त्या महिन्यात मशीन आणि वही दोन्ही पहिल्यांदाच एकाच वेळी उघड्या राहिल्या. तरावीहनंतरही एका कोपऱ्यात सुई चालायची, दुसऱ्यात पेन.

दहावीनंतर मुलगी लातूरला गेली. लातूर पॅटर्नचं नाव राजर्षी शाहू महाविद्यालयापासून दूरवर गेलं, आणि आज डॉक्टर व्हायचं म्हणून मराठवाड्यातल्या गावागावांतून मुलं-मुली तिथे खोल्या घेऊन राहतात. तिची खोली दहा बाय दहाची, राहणाऱ्या तिघी. भिंतीला खिळा ठोकायचा नाही ही घरमालकाची अट, त्यामुळे भिंतीवरचं टेबल शक्य नव्हतं. त्यात लातूरकरांना पाणी साठवायची सवय. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. खोलीच्या एका कोपऱ्यात पिंपच होतं. टेबल तिने एसटीतून स्वतः नेलं, सीट आणि खिडकीच्या मध्ये उभं करून.

पहिल्याच महिन्यात तिच्या दोन्ही मैत्रिणींनी त्याचं माप घेतलं. एक उदगीरची, दुसरी अहमदपूरची. एकीच्या वडिलांनी गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एकावरून प्लायवुड आणि बिजागऱ्या घेतल्या आणि ओळखीच्या सुताराकडून दोन टेबलं करून दिली. आता रात्री तिघी तीन दिशांना तोंड करून बसतात आणि झोपताना तिन्ही टेबलं एका कपाटाच्या बाजूला सहा इंचांत उभी राहतात. नांदेडला धाकट्यासाठी आम्हीही दुसरं करून घेतलं.

करून घेणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. प्लायवुडवर 'एमआर' शिक्का असेल तर ते फक्त दमट हवा सोसतं, 'बीडब्ल्यूआर' असेल तर त्याहून जास्त पाणी सोसतं. गोदाकाठच्या पावसाळ्याला दुसरं बरं. प्लायवुडच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, पाणी तिथूनच शिरतं. पट्टी लावा किंवा वॉर्निशचे दोन हात द्या. बिजागरीचे स्क्रू फळीच्या जाडीपेक्षा आखूड हवेत. पायांच्या तळाला जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले तर फरशीवर टेबल सरकत नाही. आणि मिटताना बोटं कुठे ठेवायची हे लहान मुलाला एकदा नीट दाखवा.

मुलीचा निकाल काय लागेल ते अल्लाहला माहीत. ती मेहनत करते आहे, आम्ही दुआ करतो आहोत. पण त्या टेबलाने घरातला एक जुना पेच सोडवला. लहान घरात आपण नकळत ठरवून टाकतो की कुणाचं काम थांबू शकतं. बहुतेक वेळा ते मुलीचं असतं, नाहीतर आईचं. घर मोठं करणं सगळ्यांच्या हातात नसतं. आज रात्री गाद्या घालण्याआधी एकदा पाहा, आपल्या घरात कोण दुसऱ्याच्या उठण्याची वाट पाहत बसलं आहे. मग दारामागची फट मोजा.