दरवाजा कोणी उघडायचा?

मराठीत ‘पान्हा’ हा एक विलक्षण शब्द आहे. दूध काढता येते, तापविता येते, विकताही येते. पान्हा मात्र फुटावा लागतो. गोठ्यातील गायदेखील परक्या हाताला पान्हा चोरते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. शरीरशास्त्रही आज निराळे सांगत नाही. बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि दूध वाहू लागते. वेदना, चिंता किंवा संकोच असेल तर तो प्रवाह अडखळतो. म्हणजे दूध आईचे असले, तरी तिची निश्चिंतता पुष्कळशी भोवतालच्या माणसांच्या हाती असते. सेवानिवृत्त पुरुषाने या विषयावर लेखणी उचलावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या मते हा विषय बाळंतिणीच्या खोलीपुरता कधीच नव्हता.

शिंदे सरकारांच्या मागोमाग आपली घराणी माळव्यात आली, तेव्हा देव-कुळाचारांबरोबर हिरकणीची कथाही क्षिप्राकाठी आली. रायगडावर दूध विकावयास गेलेली ती गवळण, सूर्यास्ताबरोबर बंद झालेले दरवाजे, पायथ्याच्या घरी एकटे तान्हे बाळ आणि अंधारात तिने उतरलेला तो कडा. महाराजांनी तिचा गौरव केला व तेथे बुरूज बांधविला, असे परंपरा सांगते. ऐकणारा तिच्या धैर्याने भारावून जातो. शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे असेल, आमचे लक्ष मात्र त्या दरवाजाकडे जाते. पहारेकऱ्यांना दोष देता येत नाही. नियमच तसा होता. परंतु आईच्या त्यागाचे पोवाडे गाणे सोपे आणि तिच्यासाठी दरवाजा उघडणे कठीण, ही आपली जुनी खोड त्या कथेत आम्हांस दिसते.

पहिला दरवाजा घराचा. सव्वा महिन्याची विश्रांती, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेकशेगडी हे सारे जुन्या घरांत निगुतीने होत असे. त्यातील खरे औषध म्हणजे बाळंतिणीला मिळणारी उसंत. मात्र त्याच घरांपैकी कित्येकांत पहिल्या दिवसांचे घट्ट, पिवळसर दूध, म्हणजे चीक, टाकून देत आणि बाळाला मध किंवा गुळपाणी चाटवीत. तो चीकच बाळाचे पहिले संरक्षण होय. जन्मानंतर पहिल्या तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे, सहा महिने पाणीसुद्धा न देता केवळ आईचेच दूध द्यावे आणि पुढे इतर आहाराबरोबर दोन वर्षे वा अधिक काळ ते चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळे मात्र सुमारे ४२ टक्केच होती. दवाखाना गाठला म्हणजे सारे साधले, असे नव्हे.

घरातील सर्वांत घातक वाक्य म्हणजे ‘हिचे दूध पुरत नाही’. नवजात बाळाचे जठर चिमुकले. ते वारंवार मागणारच. बाळ जितके चोखेल तितके दूध तयार होते. वरचे दूध सुरू केले की चोखणे कमी होते, त्यामुळे दूधही घटते आणि ते वाक्य स्वतःलाच खरे करून दाखविते. आमच्या गल्लीत एका सुनेच्या बाबतीत हीच कुजबुज सुरू झाली होती. डबाही आणून ठेवलेला होता. सासूबाई शहाण्या. त्या म्हणाल्या, ‘‘तू फक्त बाळाकडे बघ, बाकीचे घर आमच्याकडे.’’ नवऱ्याने रात्रीची दुपटी-लंगोट सांभाळले, येणाऱ्याजाणाऱ्यांना चार दिवस थोपविले. आठवड्याभरात बाळ तृप्त होऊन झोपू लागले. डबा न उघडताच परत गेला.

दुसरा दरवाजा बाजाराचा. तो मात्र बंदच राहिलेला बरा. ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यास ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. १९९२ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने शिशुदुग्धपर्यायांच्या व बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. डब्यावर गुबगुबीत बाळाचे चित्रदेखील छापता येत नाही. अर्थात काही मातांना खरोखरच अडचण असते, त्यांना बोल लावणे क्रूरपणाचे ठरेल. अशांसाठीच मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी उघडली. एका आईचे दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जीवन देते. याहून मोठे सख्य कोणते?

तिसरा दरवाजा कार्यालयाचा. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली आणि पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन घातले. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आल्या आहेत. नियमपुस्तक आम्ही जन्मभर हाताळले. त्यावरून सांगतो की, कलमाला जीव येतो तो वरिष्ठांच्या वागण्याने. ‘कुठे गेली होतीस?’ हा एक प्रश्न मिळालेली सवलत हिरावून घेण्यास पुरेसा असतो.

चौथा दरवाजा गावाचा. महाराष्ट्रातील एसटी स्थानकांवर पाजणाऱ्या मातांसाठी ‘हिरकणी कक्ष’ ठेवले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सार्वजनिक स्थळी अशा कक्षांची आवश्यकता अधोरेखित केली. आपल्या अवंतिकेत २०२८ चा सिंहस्थ येत आहे. रामघाटावर, महाकाल परिसरात, रेल्वे स्थानकावर तान्ही बाळे कडेवर घेतलेल्या असंख्य माता येतील. त्यांना आडोसा, बसावयास जागा आणि प्यावयास पाणी हवे. आपल्या मंडळींकडे वाडे आहेत, धर्मशाळा आहेत, मंगल कार्यालये आहेत. त्यांतील एकेक खोली त्या महिन्यासाठी मोकळी ठेवून दारावर हिंदी व मराठीत पाटी लावणे अवघड नाही. आपल्या समाजाच्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.