शय्येसमोरची वेदी

रुग्णालयाची इमारत बांधावयाची झाली म्हणजे हवेचा विचार होतो, उजेडाचा होतो, पाण्याचा आणि सांडपाण्याचाहि होतो. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर काय असावें, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक अशा माणसाचें जग फार आंखूड झालेलें असतें. मान वळविण्याचें त्राण उरलें नाहीं, कीं तें समोरच्या एका भिंतीपुरतेंच राहतें. त्या भिंतीवर काय असावें? हा प्रश्न सुमारें पावणेसहाशें वर्षांपूर्वीं फ्रान्समधील एका रुग्णालयानें मनापासून विचारला होता. तें रुग्णालय आणि त्यांतील प्रार्थनामंदिर पाहून आल्यापासून तो आमचीहि पाठ सोडीत नाहीं.

बर्गंडी प्रांतांत बोन नांवाचें तटबंदीचें एक जुनें शहर आहे. द्राक्षांचे मळे आणि मद्य यांसाठीं त्याची ख्याति. पण आम्हांला तेथें ओढून नेलें तें तेथील ओतेल-द्यनें. या नांवाचा अर्थ ‘देवाचें घर’. मध्ययुगीन फ्रान्समध्यें गोरगरिबांच्या रुग्णालयास हेंच नांव असे, आणि बोनपुरतें तरी तें अक्षरशः खरें आहे.

या घराचा धनी निकोला रोलँ हा व्यवसायानें वकील. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याचा चॅन्सेलर, म्हणजे आपल्या भाषेंत मुख्य दिवाण, तो १४२२ सालीं झाला आणि १४६२ मध्यें मरेपर्यंत तें पद त्याच्या नांवावर राहिलें. १४३५ चा आरासचा तह घडविण्यांत त्याचा मोठा हात होता. पण तहानें प्रजेला शांतता लाभली नाहीं. बेकार झालेल्या सैनिकांच्या टोळ्या लूटमार करीत हिंडत होत्या, आणि त्यांच्या मागोमाग उपासमार व रोगराई येत होती. अशा दिवसांत, ४ ऑगस्ट १४४३ रोजीं, रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनीं या रुग्णालयाचें दानपत्र केलें. ऐहिक धन देऊन पारलौकिक धन घेण्याचा हा लाभाचा व्यवहार आहे, असें त्या पत्रांत रोलँनें स्वच्छ म्हटलें आहे. वकिलाची लेखणी देवाशीं करार करतांनाहि बदलली नाहीं! फ्रान्सच्या अकराव्या लुई राजाच्या नांवावर एक टोमणा सांगितला जातो: ज्यानें आयुष्यभर इतक्यांना दरिद्री केलें, त्यानें त्यांच्यासाठीं एक घर बांधावें हें योग्यच झालें. दात्याचा हेतु शुद्ध होता काय, या वादांत पडण्यापूर्वीं त्यानें काय बांधलें तें पाहूं.

‘गरिबांचें दालन’ या नांवाची तेथील मुख्य वास्तु सुमारें ५० मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि १६ मीटर उंच आहे. वरचें लांकडी छत उलट्या घातलेल्या नावेसारखें. दोन्ही भिंतींच्या कडेनें पडदे लावलेले पलंग ओळीनें मांडलेले. पूर्वीं एकेका पलंगावर दोन दोन रोगी असत. या ओळी जेथें संपतात तेथेंच प्रार्थनामंदिर सुरू होतें. मध्यें आहे ती फक्त एक लांकडी जाळी. ज्याला उठून देवळांत जातां येत नाहीं त्याच्यासाठीं देऊळच खोलींत आणलेलें! पडदा सरकविला कीं पडल्या पडल्या मिस्सा दिसावी, ऐकूं यावी, अशी ही योजना. १ जानेवारी १४५२ रोजीं पहिला रोगी येथें आला. शुश्रूषेसाठीं भगिनी होत्या. त्यांना आजन्म व्रताचें बंधन नव्हतें.

त्या मंदिराच्या वेदीवर रोलँनें कोणत्या प्रतीचें चित्र ठेवावें? गरिबांसाठीं म्हणून कोणा गांवठी रंगाऱ्याकडून तें उरकून घेतां आलें असतें. त्यानें तें सोंपविलें रॉजिए व्हान डर वायडन याच्याकडे, म्हणजे त्या काळच्या अग्रगण्य चित्रकारांपैकीं एकाकडे. विषय अंतिम न्यायाचा. सताड उघडलें असतां हें चित्र नऊ फळ्यांवर सुमारें साडेपांच मीटर पसरतें. वर इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त. खालीं, हातीं तराजू घेतलेला, शांत मुद्रेचा देवदूत मायकेल. एका पारड्यांत पुण्य, दुसऱ्यांत पाप. पापाचें पारडें खालीं गेलेलें आहे. भूमीच्या भेगांतून मृत माणसें उठत आहेत. नरकाच्या बाजूला एकहि सैतान नाहीं. जीं कोसळत आहेत तीं स्वतःच्याच भारानें.

आम्ही प्रथम दचकलों. मरणाच्या दारांत पडलेल्या माणसाला हें दाखवावें? ही शुश्रूषा कीं दहशत? या आक्षेपांत तथ्य आहे, आणि तो पुरता खोडून काढावा असें आम्हांला वाटत नाहीं. पण दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. एक, हीं दारें रविवारीं आणि सणावारींच उघडत. एरव्हीं मिटलेल्या दारांवर रोग्यांना दिसत ते रोगराईंत ज्यांचा धांवा करीत ते सेबास्टियन आणि अँटनी हे संत, आणि त्यांच्या दोन बाजूंस गुडघे टेकलेले रोलँ व गिगोन. राज्याचा दिवाण भिकाऱ्यांच्या पलंगांसमोर रोज गुडघे टेकून होता! दुसरी गोष्ट, थडग्यांतून उठणारीं तीं माणसें नग्न आहेत. त्यांत दिवाण कोण आणि भिकारी कोण, हें ओळखूं येत नाहीं. तराजू सर्वांना एकच.

आमचे थोरले बंधु शेवटच्या दुखण्यांत एका मोठ्या रुग्णालयांत अठरा दिवस होते. उपचारांत कांहीं उणें नव्हतें. एके दिवशीं ते म्हणाले, “आज चतुर्थी ना रे? गणपतीची तसबीर समोर कोठें लावतां येईल का?” भिंतीला खिळा मारण्याची तेथें मनाई होती. आम्हीं तसबीर उशाशेजारच्या कपाटावर ठेवली. पण तिकडे मान वळविणें त्यांना साधेना. त्यांच्यासमोर राहिला तो वरचा पंखा. दोष कोणाचा म्हणावा? तेथें सर्व कांहीं होतें. फक्त निजलेल्या माणसाच्या जागीं स्वतः निजून कोणीं पाहिलें नव्हतें. बोनच्या दालनांत कोणीं तरी तसें पाहिलें होतें.

काळानें त्या मंदिरावरहि आपला हात फिरविला. १४७० मध्यें वारलेल्या गिगोनला तेथेंच पुरलें; रोलँला मात्र आपल्या ओतँ गांवीं. फ्रेंच राज्यक्रांतींत मंदिराची नासधूस झाली. तें चित्र माळ्यावर पडलें, आणि १८३६ सालीं पुन्हां सांपडलें. तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या सोवळेपणानें त्यांतील नग्न आकृतींना रंगाचीं वस्त्रें नेसविलीं. जी समता चित्रकारानें दाखविली तीच नेमकी झांकली गेली! पुढें १८७० नंतरच्या दशकांत तीं वस्त्रें काढण्यांत आलीं, आणि दोन्ही बाजू एकदम दिसाव्यात म्हणून फळ्या उभ्या चिरून वेगळ्या केल्या. आतां चित्र निराळ्या खोलींत जपून ठेवलें आहे. प्रेक्षक तें जवळून, उभ्यानें पाहतो. ज्यांच्यासाठीं तें काढलें ते दुरून, निजून पाहत.

१९७१ मध्यें रुग्णालय नव्या इमारतींत गेलें. परंतु दान अजून चालू आहे. भाविकांनीं शतकानुशतकें दिलेल्या द्राक्षमळ्यांच्या मद्याचा १८५९ पासून लिलांव होतो, आणि त्याचें उत्पन्न रुग्णसेवेकडे जातें. रोलँनें देवाशीं केलेल्या व्यवहारांत त्याला काय मिळालें, तें तो तराजूच जाणे. पण त्या व्यवहारांत गरिबांच्या वांट्याला जें आलें तें चांगल्यांतलें चांगलें होतें, आणि तें त्यांना दिसेल अशाच जागीं ठेवलेलें होतें. आपल्याकडे नवीं रुग्णालयें उभारणाऱ्यांनीं नकाशे पुरे करण्याआधीं एकदां रिकाम्या पलंगावर उताणें पडून समोर पाहावें, इतकीच आमची विनंती आहे.