शेवटचे शून्य

'सी' ही संगणकभाषा डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडविली. ही भाषा लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. हात धरून अडवीत नाही. नवशिक्यांना हाच विश्वास जड जातो.

माझी भाची संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असताना सुट्टीत माझ्याकडे शिकायला येई. "मामा, काल चाललेला प्रोग्राम आज मध्येच बंद पडतो. मला हे जमायचं नाही, मी शाखा बदलते," असे ती म्हणाली, तेव्हा तिच्या चुकीपेक्षा तो निराश स्वर मला अधिक बोचला.

पाच अक्षरांच्या इंग्रजी नावासाठी तिने पाचच जागा राखल्या होत्या. शब्द कोठे संपला हे कळण्यासाठी 'सी'मध्ये अखेरीस एक शून्य लागते. म्हणून जागा हव्यात सहा. सहावी नसली, की ते शून्य शेजाऱ्याच्या जागेत शिरते. तेथे महत्त्वाचे काही नसले तर सारे सुरळीत भासते. असले तर प्रोग्राम कोसळतो. तो काल चालला, एवढ्याने तो निर्दोष ठरत नाही.

मग आम्ही कागदावर चौकोन आखले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. पॉइंटर म्हणजे घराचा पत्ता. पत्ता लिहिल्याने घर बांधले जात नाही, हे तिला चटकन उमगले. दुहेरी बरोबरच्या चिन्हाने दोन शब्द ताडले, तर तुलना पत्त्यांची होते. अक्षरांसाठी 'स्ट्रकम्प' वापरावे लागते. पुढची चूक तिनेच शोधली. तिचे एक फंक्शन स्वतःच्या आतील अ‍ॅरेचा पत्ता परत देत होते. "फंक्शन संपलं की ते घरच मोडतं, मग पत्ता कशाला?" ती उद्गारली.

अशा चुका जाणकारांकडूनही घडतात. नोव्हेंबर १९८८मध्ये 'मॉरिस वर्म'ने इंटरनेटवरील हजारो यंत्रे बेजार केली. त्याच्या शिरकावाची एक वाट 'गेट्स' या फंक्शनमधून जात होती. जागा किती आहे हे ते पाहतच नसे. अखेर २०११च्या मानकातून ते वगळण्यात आले.

आपल्या घरातील मूल "मला जमत नाही" म्हणाले, तर त्याच्या बुद्धीचा निवाडा करण्याची घाई नको. आधी कागद-पेन्सिल द्यावी. पुष्कळदा उणीव असते ती केवळ एका चौकोनाची.