उलटं बुडवा, रोप उगवतं!

ऐका, ऐका! हातातलं काम ठेवा आणि आधी हे ऐका! पनवेलच्या नर्सरीत पाण्याच्या टबात ती उंच, हिरवीगार, डोक्यावर छत्री धरलेली रोपं असतात ना, 'अंब्रेला पाम' म्हणून विकतात ती? तो पाम नाहीच मुळी! तो लव्हाळा आहे! शोभेचा लव्हाळा! मूळचा आफ्रिका-मादागास्करकडचा, पण आपल्या भाताच्या बांधावरच्या लव्हाळ्याचा, दिवाळीच्या उटण्यातल्या नागरमोथ्याचा अगदी जवळचा नातलग! आणि प्राचीन इजिप्तमध्ये ज्याचा कागद करायचे तो पपायरससुद्धा याच सायपरस घराण्यातला! आहे की नाही कमाल?

मी काही वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही, बागकामातही अगदीच नवखी आहे, पण हे कळल्यापासून मला चैन पडत नाही. आता तुम्हीही चला माझ्याबरोबर!

आधी कुठल्याही मोकळ्या जागेत जा, फुलोरा आलेल्या नागरमोथ्याची एक काडी खुडा आणि दोन बोटांत फिरवा. अडते! बोटांना कडा लागतात! एक, दोन, तीन! ब्लेडने आडवी कापा, आत चक्क त्रिकोण! पेरं नाहीत, पोकळी नाही, सगळी भरीव! म्हणजे हे गवत नव्हेच! आणि मग घरी येऊन त्या छत्रीवाल्याकडे बघा. वर गोल पसरलेली ती पानं फुलोऱ्याखालची आहेत, आणि दांड्याची खरी पानं बुंध्याशी नुसती तपकिरी वेष्टणं होऊन बसलीत! सगळा हिरवा थाट दांड्याचा आणि छत्रीचा!

आता खरी गंमत! एक छत्री दोन-तीन इंच दांड्यासकट कापायची, पानं निम्मी छाटायची आणि पेल्यातल्या पाण्यात उलटी बुडवायची. हो, उलटी! डोकं खाली, दांडा वर! आणि मग दोन दिवसांआड पाणी बदलायचं, आणि मग साधारण दोन-तीन आठवड्यांत छत्रीच्या मध्यातून पांढरी मुळं फुटतात, आणि मग त्याच जागेतून कोवळे कोंब निघतात आणि सरळ वर उजेडाकडे निघतात, आणि मग ते मातीत लावलं की झालं नवं रोप! वाकलेला दांडा पाण्याला टेकला तर हे सगळं तो आपला आपणच करतो!

आणि आपल्या पनवेलला तर हे झाड किती सोयीचं! रायगडातल्या पावसात कुंडीतल्या भल्या भल्या झाडांची मुळं कुजतात. हे मात्र पाण्यात पाय बुडवून खुशाल! साधी चिकट माती घ्या, वर वाळूचा थर द्या म्हणजे माती तरंगत नाही, आणि कुंडी पाण्याच्या टबात ठेवा. सकाळचं ऊन मिळालं की भरपूर झालं. एप्रिल-मेमध्ये पाणी आटू देऊ नका, नाहीतर पानांची टोकं करपतात. पिवळा दांडा बुंध्यापासून कापा, नवा येतोच! अधूनमधून मूठभर गांडूळखत द्या. कुंडी गच्च भरली की पावसाळ्याच्या तोंडावर गड्डा फोडून दोन करा. आणि टबात गप्पी मासे सोडा, डासांच्या अळ्या ते फस्त करतात!

फक्त एक ऐका, मनापासून सांगते. हे झाड भराभर पसरतं. म्हणून जास्तीची रोपं गाढी नदीत, वडाळे तलावात किंवा ओढ्यात कधीही टाकू नका. तिथे आपले स्थानिक लव्हाळे आहेत, जागा त्यांची आहे. जास्तीचं शेजाऱ्यांना द्या, शाळेला द्या, सोसायटीच्या बागेत कुंडीत लावा!

चला, आता कात्री घ्या आणि पेला भरा. ओळखीत कुणाकडे हे झाड असेल, तर आजच एक छत्री मागून आणा!